प्रमाणपत्रावरची प्रसाविका

माझ्या नोंदणी प्रमाणपत्रावर दोन शब्द आहेत: परिचारिका आणि प्रसाविका, म्हणजे बाळंतपण करणारी, मिडवाइफ. पहिल्या शब्दावर मी सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली. दुसऱ्या शब्दाचं पद मला कुठेच भेटलं नाही. मेडिसिन वॉर्ड, मग ऑपरेशन थिएटर, मग लेबर रूम, मग अपघात विभाग. लेबर रूममध्ये हात जरा बसतो न बसतो तोच ड्युटीचा तक्ता बदलायचा. जीएनएम ही नर्सिंगची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या प्रत्येकीची नोंदणी अशीच दुहेरी असते. एएनएमच्या तर नावातच हा शब्द आहे, सहाय्यक परिचारिका प्रसाविका. तरी कळा सुरू झालेली बाई 'मला प्रसाविका हवी' म्हणाली, तर तिला कुठल्या दारात न्यायचं, हे मी आजही सांगू शकत नाही.

म्हणून आपल्या शेजारच्या तेलंगणात, करीमनगरला सरकारी परिचारिकांना प्रसाविका म्हणून घडवलं, ते काम मी बारकाईने पाहिलं. पण त्याआधी माझ्या घरातल्या दोघींबद्दल सांगते. त्या नसत्या तर माझं तिकडे लक्षही गेलं नसतं.

माझ्या नणंदेचं गाव किनवट तालुक्यात, डोंगरातलं. थोरला मुलगा-सून हैदराबादला, धाकटे गावातच, शेतावर. थोरलीचं पहिलं बाळंतपण २०१९ मध्ये हैदराबादच्या एका खासगी रुग्णालयात झालं. रात्री नऊला ती दाखल झाली तेव्हा पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलं होतं, पहाटे पाचला चार. सहाला सिझर. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी कागद नंतर पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलं आहे की खऱ्या अर्थाने जोरात सुरू झालेलं बाळंतपण पाच सेंटिमीटरपासून धरावं, आणि दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा हट्ट धरू नये. म्हणजे कागदावर तरी तिच्या बाळंतपणाला अजून नीट सुरुवातही झाली नव्हती. बाळाच्या ठोक्यांचा आलेख त्या कागदांत नव्हता, त्यामुळे सिझर चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मला खुपलं ते वेगळंच. 'मामी, रात्रभर मी उताणी पडून होते,' ती म्हणाली. 'सिस्टर यायच्या, पट्टा बघायच्या, जायच्या. पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणाल्या. आईंना दाराबाहेर बसवलं होतं.'

धाकटीचं पहिलं बाळंतपण दोन वर्षांनी, पावसाळ्यात. रात्री पाणमोट फुटली. १०८ला फोन लागला, पण गावाच्या अलीकडच्या ओढ्याला पूर होता आणि गाडी पलीकडेच थांबली. उपकेंद्राच्या नर्सबाई तालुक्याला राहायच्या. त्यात त्यांचा एकटीचा दोष मी मानत नाही, कारण उपकेंद्राची ती खोली बाईमाणसाने रात्री एकटीने राहावी अशी नव्हतीच. गावातल्या म्हाताऱ्या सुईणीने 'आता सगळं दवाखान्यातच' हे ऐकून ऐकून कधीच हात आखडता घेतला होता. शेवटी माझ्या नणंदेनेच बाळ झेललं. बाळ रडलं, पण वार पडेना. तास गेला, रक्त थांबेना. उजाडता उजाडता पाणी ओसरलं, तेव्हा जीपमध्ये घालून तेलंगणातल्या आदिलाबादला नेलं. त्या भागातून नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ पडतं आणि रेल्वेसुद्धा तिकडे जाते. तिथे हाताने वार काढली, रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. ती वाचली.

एकीजवळ सगळं होतं, दुसरीजवळ काहीच नव्हतं, असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. बाळंतपण शिकलेलं आणि दुसऱ्या कुठल्याच कामात न अडकलेलं माणूस, पहिल्या कळेपासून वार पडून रक्त आवरेपर्यंत शेजारी बसलेलं, हे दोघींनाही मिळालं नाही.

आता करीमनगर.

तेलंगणात बाळंतपणं दवाखान्यात होतात का, हा प्रश्न केव्हाच मागे पडला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तिथली ९७ टक्के बाळंतपणं रुग्णालयात झालेली दिसतात. महाराष्ट्रात हाच आकडा ९४.७ आहे. पण त्याच सर्वेक्षणात तेलंगणातली ६०.७ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत. खासगी रुग्णालयांत ८१.५ टक्के, सरकारीत ४४.५. संपूर्ण देशाचा आकडा २१.५ आणि आपल्या राज्याचा २५.४. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ पासून शंभरात दहा ते पंधरा हे प्रमाण डोळ्यांपुढे ठेवलं. पुढे २०१५ मध्ये तिने हेही स्पष्ट केलं की लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहाच्या वर गेल्याने आई किंवा बाळाचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. तेलंगणातही सगळ्यात पुढे होता करीमनगर जिल्हा. तिथे शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणींचं पोट उघडलं जात होतं.

याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. मुहूर्त बघून बाळ काढण्याची मागणी हे त्यातलं एक, आणि राज्याच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनीही ते जाहीरपणे बोलून दाखवलं. पॅकेजचा हिशेब आहे. पहिलं सिझर झालं की दुसरंही सिझरच, ही साखळी आहे. माझ्या मते मूळ कारण वेळेचं आहे. पहिलटकरणीचं बाळंतपण बारा, चौदा, कधी अठरा तास चालतं. प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर इतके तास एकीजवळ बसू शकत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. नर्सच्या अंगावर आठ-दहा खाटा असतात. मग रात्रभर कुणी पाहिलेलं नसलेलं बाळंतपण पहाटे डॉक्टरसमोर येतं. त्याला मागचं काही ठाऊक नसतं आणि धोका पत्करायचा नसतो. सिझरचं प्रमाण वाढतं ते इथे. डॉक्टरला एकट्याला दोष देऊन हा गुंता सुटत नाही.

तेलंगणात सरकारी नर्सेसना स्वतंत्रपणे प्रसाविका म्हणून घडवायला सुरुवात झाली ती याच करीमनगरात. २०१७ साली तेलंगणा सरकार, युनिसेफ आणि हैदराबादचं फर्नांडिझ फाउंडेशन यांनी मिळून ३० परिचारिकांची पहिली तुकडी घेतली. फर्नांडिझ हे १९४८ पासूनचं, बायकांचं म्हणून हैदराबादेत ओळखलं जाणारं रुग्णालय. डॉ. एव्हिटा फर्नांडिझ यांनी तिथे २०११ मध्ये स्वतःचा प्रसाविका-शिक्षणक्रम सुरू केला आणि शिकवायला ब्रिटनमधल्या प्रसाविका आणल्या. खासगी रुग्णालयाने आपल्याच लेबर रूममध्ये डॉक्टरांचा अधिकार वाटून द्यायचा, हे सोपं नव्हतं. करीमनगरचा शिक्षणक्रम अठरा महिन्यांचा होता. त्यातले बारा महिने शिकायचे, सहा महिने प्रत्यक्ष जबाबदारी घेऊन काम करायचं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, केंद्र सरकारने देशासाठी प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातही हाच अठरा महिन्यांचा काळ आहे. शिवाय, ज्यांना कुठलाही धोका दिसत नाही अशा बाळंतिणींसाठी मोठ्या रुग्णालयात लेबर रूमलगतच प्रसाविकांनी चालवायचा वेगळा कक्ष आहे.

अठरा महिने कशाला, आधीच परिचारिका असलेल्यांना? हा प्रश्न मला अनेकींनी विचारला. उत्तर थोडं अवघड आहे. यातला मोठा भाग हात आवरायला शिकण्याचा आहे.

आम्हाला शिकवलं होतं, पहिलटकरीण म्हटली की खाली छेद द्यायचाच. मी शेकडो दिले. कळा जरा मंदावल्या की सलाइनमधून कळांचं इंजेक्शन. बाळ खाली उतरेना की कुणीतरी पोटावर जोर द्यायचा. यातली कुठलीच गोष्ट सरसकट करू नये आणि पोटावर दाबणं तर करूच नये, हे आज सगळीकडे लिहिलेलं आहे. पण वीस वर्षांची हाताची सवय परिपत्रकाने जात नाही. ती एखादीच्या शेजारी उभं राहून, रोज पाहून, पुन्हा पुन्हा चुकून जाते. करीमनगरच्या त्या तीस जणी हे शिकल्या. बाईला हिंडूफिरू द्यायचं, घोट घोट पाणी, थोडं खाणं द्यायचं, आई किंवा बहीण जवळ बसू द्यायची, कमरेला चोळून द्यायचं. कुशीवर, उकिडवं, गुडघ्यांवर, तिला जसं बरं वाटेल तसं. ठोके मात्र दर पंधरा ते तीस मिनिटांनी, आणि बाळ उतरू लागलं की दर पाच मिनिटांनी ऐकायचे म्हणजे ऐकायचेच. बाळ आलं की आधी आईच्या छातीवर. नाळ किमान मिनिटभर तशीच ठेवायची. आईला लगेच ऑक्सिटोसिन, म्हणजे रक्त आवरणारं इंजेक्शन, द्यायचं. आणि सरळ चाललेल्या बाळंतपणाने वाट सोडली, हे पहिल्या खुणेवर ओळखून डॉक्टरला हाक मारायची.

हे वाचून आमच्या पिढीतल्या एखाद्या आजीबाईला वाटेल, यात नवं काय? हे तर सुईण करायची! अर्धं करायचीच. पण उरलेलं अर्धं तिच्याजवळ नव्हतं. रक्त थांबवणारं इंजेक्शन, झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट, स्वच्छ हात आणि मोठ्या दवाखान्याशी बांधलेला रस्ता. आमच्याजवळ हे उरलेलं अर्धं होतं आणि सुईणीकडचं अर्धं आम्ही टाकून दिलं होतं.

टाकून दिलं, की काढून घेतलं? एएनएमचा शिक्षणक्रम पूर्वी दोन वर्षांचा होता आणि बाळंतपण हा त्याचा गाभा होता. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी करायची शिफारस केली. पुढे शिक्षणक्रम अठरा महिन्यांवर आला. लसीकरण, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं, सर्वेक्षणं आणि रजिस्टरं वाढत गेली. पाच हजार लोकवस्तीमागे, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र, आणि ही सगळी कामं त्याच बाईच्या अंगावर. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे मिळू लागले. सुईणींची प्रशिक्षणं मागे पडली, एएनएमना बाळंतपणाचं २१ दिवसांचं प्रशिक्षण मिळू लागलं. या योजनेने आणि २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने लाखो जणी दवाखान्याच्या दारापर्यंत आल्या, याबद्दल मला जराही शंका नाही. देशातले मातामृत्यू २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ९७ पर्यंत उतरले, तेलंगणात ४३, महाराष्ट्रात ३३. पण योजनेने मोजली ती इमारत. बाळंतपण कुठे झालं याचा रकाना आहे, शेजारी कोण होतं याचा नाही.

करीमनगरच्या तुकडीने काय साधलं, हे सांगताना मी जपून बोलते. वर दिलेले आकडे ज्या सर्वेक्षणातले आहेत, त्याची तेलंगणातली पाहणी २०१९ मधली, आणि त्यात मागच्या पाच वर्षांतली बाळंतपणं मोजलेली आहेत. पहिल्या तीस जणी तर शिकून बाहेर पडल्या त्या २०१९ मध्येच. तेव्हा 'प्रसाविका आणल्या तरी सिझर साठ टक्केच' असं त्या आकड्यांवरून म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल, आणि 'प्रसाविकांमुळे सगळं बदललं' असंही त्यातून निघत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की एका राज्याने मान्य केलं, या कामाला वेगळं माणूस लागतं, आणि त्या माणसाला पगारी जागा दिली. पुढच्या तुकड्या निघाल्या, राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत त्या लागल्या. आमच्याकडे प्रशिक्षणं पुष्कळ होतात. प्रशिक्षण घेऊन आलेली बाई चौथ्या महिन्यात नेत्र विभागात असते.

आणखी एक अडचण फारशी कुणी बोलत नाही. चांगल्या अनुभवी तीस नर्सेस अठरा महिने शिकायला पाठवायच्या, तर तेवढे दिवस त्यांच्या वॉर्डात कोण? रिक्त पदं आधीच पुष्कळ. शिकून आल्यावर पगार तोच, जबाबदारी दुप्पट, आणि काही बिनसलं तर कायद्याने तिच्या पाठीशी कोण, हे धूसर. २०२३ मध्ये १९४७च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा मंजूर झाला. मिडवायफरी हा शब्द निदान शीर्षकात चढला. आता सेवाशर्तींत कधी उतरतो ते बघायचं.

थोरलीसारख्या शहरातल्या बाईला करीमनगरच्या वाटेने काय मिळेल, हे मला स्पष्ट दिसतं. तिला रात्रभर जवळ बसणारं कुणी मिळेल, पहाटे आलेल्या डॉक्टरला रात्रीची हकीकत सांगणारं कुणी मिळेल. सिझर लागलंच तर ते का लागलं, हेही तिला कळेल. देशात शहरी बाळंतपणांतली ३२.३ टक्के सिझरने होतात आणि ग्रामीण भागातली १७.६ टक्के. म्हणजे शहरात प्रसाविकेची गरज नाही, तिथे डॉक्टर आहेत, हा समज अगदी उलटा आहे.

धाकटीचं काय, हे मात्र अवघड आहे, आणि इथे करीमनगरचा नमुना तोकडा पडतो. प्रसाविकांचा कक्ष जिथे बाळंतपणं भरपूर तिथेच चालतो. हात तयार राहायला संख्या लागते, जवळ थिएटर आणि रक्त लागतं. हे बरोबरच आहे. पण त्यामुळे प्रसाविका जिल्ह्याच्या गावी बसते आणि ओढा जिथे आहे तिथेच राहतो. शिवाय भाषा. आदिलाबादच्या डोंगरात गोंडी, कोलामी, बंजारा बोली आणि मराठी बोलणाऱ्या बायका आहेत, किनवट-माहूरकडेही तशाच. धाकटीला वार काढताना तेलुगूतून काय सांगत होते ते कळलंच नाही. एकच आया मराठी बोलणारी होती, तिचा हात धरून ती पडून राहिली. चांगली शिकलेली, पण बाईची भाषा न बोलणारी प्रसाविका तिच्या शेजारी असूनही दूरच असते.

गावापुरता विचार करताना मला गडचिरोली आठवते. सर्च संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी बाळंतपण सुईण करायची, आणि आरोग्यदूत शेजारी बसून बाळाचा श्वास, ऊब, वजन बघायची. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तो प्रयोग बाळांसाठी होता, आईच्या रक्तस्रावाला ते उत्तर नव्हे, आणि आज घरच्या बाळंतपणाकडे परत जा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण गावातलं, आपल्या बोलीतलं, वेळेवर हजर असणारं माणूस किती फरक पाडतं, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघरही आहे. दिवस भरत आले की बाईने लहान मूल आणि एक नातेवाईक घेऊन तिथे येऊन राहायचं, कळा सुरू होण्याआधीच ओढा ओलांडायचा. कल्पना उत्तम आहे. बुडालेल्या मजुरीचं आणि घरच्या गुरावासरांचं काय, हे सोडवल्याशिवाय बाई येत नाही, आणि आली तर आत प्रसाविका हवी. माहेरघर आणि प्रसाविका या दोन गोष्टी एका आवारात आल्या, तर धाकटीसारखीला काहीतरी हाती लागेल. तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात चार जणी कायमच्या लेबर रूमला द्याव्या, त्यातली एक तरी गोंडी किंवा बंजारा बोलणारी असावी, आणि त्यांनी आठवड्यातून एकदा माहेरघरात जाऊन दिवस भरत आलेल्यांना तपासावं. एवढंच मी एका बैठकीत मांडलं होतं. 'पदनिर्मिती वरून होते,' असं उत्तर आलं. खरंच आहे ते, वरूनच होते. तेलंगणात झाली.

थोरलीचं दुसरंही सिझरच झालं. ते तसंच होणार, हे तिला तिसऱ्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं.

धाकटीला आता पुन्हा दिवस गेले आहेत. मागच्या वेळी वार अडकलेली, रक्त चढवलेलं, तेव्हा यावेळी तिने गावात थांबणं शक्यच नाही, आणि नुसत्या प्रसाविकेच्या भरवशावरही नाही. डॉक्टर, थिएटर, रक्त सगळं जवळ हवं. माता-बाल सुरक्षा कार्डावर पहिल्या पानावर मी लाल पेनाने मागची हकीकत लिहून दिली आहे, मराठीत, आणि आदिलाबादला जावं लागलं तर म्हणून आतल्या पानावर एका ओळखीच्या सिस्टरकडून तेलुगूतही. दिवस श्रावणात भरतात. नणंद म्हणते, आषाढ लागला की हिला तालुक्याला पाठवते, गुरं मी बघते. खोली कुठे बघायची आणि भाडं कोण देणार, ते अजून ठरायचं आहे.